डोंगरावरची शाळा कोण चालवतं?

तीन वर्षांपूर्वीची, डिसेंबरातली सकाळ. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायऱ्या चढून आम्ही पहिल्या पठारावर पोचलो आणि सातवीतली एक मुलगी वाटेच्या कडेला मटकन खाली बसली. खांदे वर-खाली होत होते, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. मी जवळ जाऊन विचारलं, "काय होतंय बाळा?" ती एवढंच म्हणाली, "पंप." पंप तिच्या मोठ्या बॅगेत होता. बॅग खाली, पायथ्याला उभ्या असलेल्या एसटीत होती. वर जाताना फक्त पाणी आणि डबा घ्या, असं आम्हीच मुलांना सांगितलं होतं.

तिला दमा आहे हे तिच्या आईने संमतीपत्रावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. ते संमतीपत्र शाळेच्या कार्यालयात फायलीला लावलेलं होतं. वर्गशिक्षिकेला ठाऊक होतं, पण बाई मागच्या गटाबरोबर होत्या, चांगल्या अर्धा तास मागे. आमच्या सोबतीला गावातला एक तरुण वाटाड्या होता. तो एक शब्द बोलला नाही. दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेला आणि बॅग घेऊन वर आला. पंचवीस मिनिटं लागली. तोवर तिला जरा पुढे वाकून बसवलं, स्वेटर सैल केला आणि हळूहळू श्वास सोडायला लावत राहिलो. पंप घेतल्यावर ती सावरली. दुपारी आईला फोनवर "मी गिधाड बघितलं" असं सांगतही होती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

कारण त्या दिवशी प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं. आईने लिहून दिलं, शाळेने कागद जपून ठेवला, आमच्या क्लबने मुलांच्या पाठीवरचं ओझं कमी केलं, एसटी वेळेवर आली, वनखात्याची पावती खिशात होती. कुणीच कामचुकारपणा केला नव्हता आणि तरी एक लेकरू श्वासासाठी धडपडत होतं. गेली बरीच वर्षं मी नाशिकच्या शाळांबरोबर मुलांना डोंगरावर नेतो आहे. मी पाहिलेली बहुतेक संकटं अशीच, दोन संस्थांच्या मधल्या फटीत जन्मलेली आहेत. म्हणून या संस्था कोणकोणत्या, कुणाच्या डोक्यावर काय जबाबदारी असते आणि त्यांची कामं एकमेकांत कशी गुंतलेली असतात, हे पालकांना, शिक्षकांना आणि नव्याने ट्रेक नेऊ लागलेल्या पोरांना एकदा नीट सांगावंसं वाटलं.

डोंगर कुणाचा?

नाशिककराला डोंगर म्हणजे घरामागचं अंगण वाटतं. पण मुलांना घेऊन जायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच: ती जागा कुणाच्या ताब्यात आहे? अंजनेरीचंच बघा. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, त्र्यंबकच्या रस्त्याला. डोंगर वनखात्याकडे, त्यातही संवर्धन राखीव क्षेत्र. पायथ्याची जुनी मंदिरं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली. वर अंजनीमातेचं मंदिर, त्यामुळे भाविकांची ये-जा बारा महिने. आणि खाली नांदतं गाव, ज्यांची गुरं त्याच वाटांनी चरायला जातात. एका डोंगरावर चार जणांचा शब्द चालतो, आणि चौघांनाही कल्पना न देता चाळीस पोरं घेऊन जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता पंगत बसवणं.

जागा बदलली की माणसं बदलतात. पांडवलेण्यांची 24 लेणी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. गंगापूर धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, तिथल्या बोटी पर्यटन महामंडळाच्या. निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे वनखात्याचा वन्यजीव विभाग आणि पक्षी दाखवणारे गावातलेच तरुण गाईड. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यातली पुष्कळ गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिलेले आहेत. गावाला विचारणं हा तिथे निव्वळ शिष्टाचाराचा भाग राहत नाही.

वनखात्याची परवानगी म्हणजे पावती फाडणं, असा आपल्याकडे समज आहे. तो समज मुलांचं फार नुकसान करतो. वनरक्षक रोज ते रान पायाखाली घालत असतो. कुठली वाट पावसात वाहून गेली, बिबट्या कुठल्या घळीत दिसला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आग्या मोहोळ यंदा कुठल्या कड्याला बसलंय, हे त्याला माहीत असतं. मला कड्यापेक्षा मोहोळाची धास्ती जास्त वाटते. कडा जागेवर असतो. माश्या एका सेंटच्या वासाने, एका शेकोटीच्या धुराने किंवा नुसत्या आरडाओरड्याने उठतात. मुलांना डिओ मारून येऊ नका असं सांगणारं पत्र पालकांना शाळेकडून जायला हवं. पण त्यात काय लिहायचं ते शाळेला कळणार वनरक्षकाकडून. एवढीशी माहिती, पण ती दोन कार्यालयांतून प्रवास करून आईच्या हातात पडली तरच कामाची.

त्याच डिसेंबरात वनरक्षकाने आम्हाला दुसरी एक गोष्ट शिकवली. आम्ही मुलांसाठी एका छोट्या कड्यावर रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणं, ठरवलं होतं. त्याने बोटाने कातळावरचे पांढरे ओघळ दाखवले. ती गिधाडांची विष्ठा. लांब चोचीची गिधाडं कड्यांच्या कपारीत घरटं करतात आणि त्यांचा विणीचा काळ हिवाळ्यातच असतो. माणसांचा गलका झाला तर पक्षी घरटं सोडून उठतो, अंडं उघडं पडतं. आम्ही दोर गुंडाळले. मग शाळेच्या विज्ञानाच्या सरांनी तिथेच, खडकावर बसून, मुलांना सगळी साखळी समजावली: गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक देत, मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई, त्याची किडनी निकामी होई, आणि देशभर गिधाडं भराभर मेली. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. हे सांगताना समोरच्या कड्यावरून एक गिधाड पंख न हलवता तरंगत गेलं. एकजात सगळी मुलं गप्प. रॅपलिंग झालं नाही याची कुणालाही हळहळ वाटली नाही.

सहल आणि बाहेरचं शिक्षण यांतला फरक मला त्या खडकावर कळला. सहलीला बस, डबा आणि शिक्षक पुरतात. शिकवायचं असेल तर त्या जागेला ओळखणारा माणूस आणि त्या मुलांना ओळखणारा माणूस शेजारी-शेजारी उभे असावे लागतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना शाळा सुचवलेली आहे. त्यामुळे आता आमच्याकडे शाळांची विचारणा वाढली. आनंद आहेच. पण दप्तर घरी ठेवलं आणि शिकवण्याची तयारीही घरीच राहिली, असं होऊ नये.

दोर ओढणारी माणसं

डोंगरावर मुलांच्या दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात असतं? बहुतेक वेळा एखाद्या गिर्यारोहण संस्थेच्या स्वयंसेवकाच्या. आठवडाभर बँकेत, कारखान्यात, शाळेत काम करणारी ही माणसं. नाशिकला ही परंपरा जुनी आहे. वैनतेय गिर्यारोहण व गिरिभ्रमण संस्थेसारख्या संस्थांनी इथे माणसं घडवली. राज्यभरातल्या अशा संस्था एकत्र येऊन अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ झाला. महासंघ म्हणजे सरकारी खातं नव्हे. क्लबांनीच क्लबांसाठी बांधलेली मोट आहे ती. सुरक्षेचे नियम सगळ्यांनी मिळून ठरवायचे, प्रशिक्षण द्यायचं, सरकार धोरण आखत असेल तेव्हा डोंगरातल्या माणसाचं म्हणणं मांडायचं, आणि अपघात झाला तर कुठल्या भागातली बचाव तुकडी सगळ्यात लवकर पोचेल ते जुळवून द्यायचं, ही त्याची कामं.

त्याच्याही पलीकडे प्रशिक्षण देणाऱ्या मोठ्या संस्था. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग 1965 ची. तिथला बेसिक कोर्स जवळपास चार आठवड्यांचा असतो. नाशिकच्या टेकडीवर पोरांना उतरवायला हिमालयातला कोर्स कशाला, असं मला पालक विचारतात. बर्फासाठी नाही हो, भाषेसाठी. तिथे शिकलेला माणूस ठरलेल्याच गाठी मारतो, ठरलेल्याच क्रमाने तपासतो, ठरलेल्याच हाका देतो. त्यामुळे पुण्याचा प्रशिक्षक आणि नाशिकचा प्रशिक्षक पहिल्यांदा भेटले तरी एकमेकांचा अँकर, म्हणजे दोर कातळाला पक्का बांधलेली जागा, तपासू शकतात. अनोळखी माणसावर विश्वास ठेवता यावा म्हणून प्रमाण पद्धत लागते.

दोराचंही तसंच. दोर क्लबांमध्ये उसना दिला-घेतला जातो, कारण चांगला दोर महाग असतो आणि वर्षातले बरेच दिवस तो कपाटातच पडून असतो. पण उसना दोर म्हणजे उसनी साखर नव्हे. त्या दोरावर कोणी जोरात पडलं होतं का, तो किती दिवस उन्हात राहिला, कुठल्या धारदार कातळाला घासला, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. वरचं आवरण धडधाकट दिसतं, आतला गाभा दुखावलेला असू शकतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक दोराची वही असते. खरेदीची तारीख पहिल्या पानावर आणि नंतर प्रत्येक वापराची नोंद. एकदाही न वापरलेला दोरसुद्धा जास्तीत जास्त 10 वर्षं, मग बाद. दोर दुसऱ्या क्लबला दिला तर वही त्याच्याबरोबर जाते आणि नोंदीसकट परत येते. एकदा वही आली नाही. दोर नवाकोरा दिसत होता. आम्ही तो कापून बंगल्याच्या बागेत वेल चढवायला दिला. पैसे गेले, पण त्याबद्दल आमच्यात कुणाचंही दुमत नव्हतं.

सरकारची भूमिका इथे येते. 24 ऑगस्ट 2021 च्या धोरणानुसार महाराष्ट्रात जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीसाठी प्रशिक्षक कोण, साधनं कुठली, विमा आहे का, संकटात काय करणार, हे दाखवावं लागतं. शाळेने उपक्रम देणाऱ्याला पहिल्याच भेटीत नोंदणीचा कागद मागावा. मागताना भीड वाटते, मला माहीत आहे. आपल्याकडे ओळखीतल्या माणसाला कागद मागणं म्हणजे अविश्वास. पण जो माणूस हे काम मनापासून करतो तो कागद काढून देताना खूशच होतो.

दुसऱ्यांचं दुःख

एक गोष्ट दूरची आहे, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मार्च 1993. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा लाइम बे नावाचा उपसागर. प्लिमथच्या एका शाळेतली 8 मुलं, 1 शिक्षक आणि 2 प्रशिक्षक छोट्या कयाक होड्या घेऊन समुद्रात निघाले. वारा वाढला, होड्या उलटू लागल्या, गट विखुरला. मदत बोलवायला फार उशीर झाला. 4 मुलं गेली. नंतर उघड झालं की त्या केंद्रातल्या प्रशिक्षकांनी आधीच पत्र लिहून सुरक्षेतल्या उणिवा मालकांच्या कानावर घातल्या होत्या. केंद्र चालवणाऱ्या कंपनीवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला. 1995 मध्ये तिथे खास कायदा झाला आणि मुलांना पैसे घेऊन अशा उपक्रमांना नेणाऱ्या केंद्रांना परवाना आणि तपासणी लागू झाली.

मी ही हकीकत नव्या लीडरना सांगतो तेव्हा कायद्यावर कमी बोलतो आणि त्या पत्रावर जास्त. इशारा दिलेला होता. तो शाळेपर्यंत पोचला असता तर ती मुलं त्या दिवशी कदाचित पाण्यात उतरलीच नसती. प्रशिक्षकाकडून मालकाकडे गेलेला कागद शाळेकडे गेला नाही. आईकडून शाळेकडे आलेला कागद माझ्याकडे आला नाही. मैलोगणती अंतर आहे दोन्ही घटनांत, परिणामांतही आहे, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. पण फट तीच.

म्हणून आता आमच्या ओळखीच्या तीन-चार क्लबांनी एक रीत पाडली आहे. अपघात होता होता राहिला, तर तो लिहायचा आणि एकमेकांना वाचायला द्यायचा. नाव नाही, दोष नाही. पाय कुठे घसरला, दगड कुठून सुटला, मोहोळ कुठल्या वळणावर आहे. हरिहर किल्ल्याच्या बाबतीत याचा फार उपयोग झाला. हरिहरचा तो कातळात कोरलेला खडा जिना ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको: एका वेळी एकच माणूस, हाताला फक्त दगडातल्या खोबण्या. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की मधल्यामध्ये अडकून पडतात, आणि पावसाळी रविवारी तर जिन्यावर मुंग्यांसारखी रांग. शाळेची मुलं त्या गर्दीत न्यायचीच नाहीत, असं आम्ही ठरवलं. आपापल्या तारखा एकमेकांना आधी कळवतो आणि आठवड्यातला मधला दिवस घेतो.

पायथ्याचं गाव

या सगळ्यात ज्याला आपण सगळ्यात शेवटी विचारतो तो म्हणजे पायथ्याचा माणूस. खरं तर सुरुवात तिथून व्हायला हवी. संकट आलं की पहिला तोच पळतो. माझ्या पंचवीस मिनिटांत तोच पळाला होता. ऑगस्ट 2022 मध्ये त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर पाणी अचानक वाढून पर्यटक अडकले, तेव्हा अंधारात त्यांना बाहेर काढायला पोलीस, वनखातं आणि गिर्यारोहक यांच्या जोडीला गावकऱ्यांचे पाय आणि गावकऱ्यांची वाटांची माहितीच कामी आली. आपण 112 ला फोन लावतो, 108 ची रुग्णवाहिका येते, पण ती डांबरी रस्त्यापर्यंत. तिथून वर स्ट्रेचर नेणारे खांदे डोंगराखालच्याच वस्तीचे. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पोलीस पाटलांना फोन करायचा: किती मुलं, कुठली वाट, किती वाजता खाली. दोन मिनिटांचं काम.

पैशाचंही स्पष्ट बोलायला हवं. वाटाड्याचं मानधन आधी ठरवायचं आणि त्याच दिवशी, सगळ्यांसमोर द्यायचं. पिठलं-भाकरी गावातल्या बचत गटाकडून घ्यायची, शहरातून वडापावची खोकी आणायची नाहीत. वनखात्याचं शुल्क बऱ्याच ठिकाणी गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत गोळा होतं. ते देताना घासाघीस करणारे लोक मी बघितलेत आणि मला त्याचा राग येतो. शाळेचा खर्च वाचवायचाच असेल तर एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात 50 टक्के सवलत देतं, ती घ्यावी. गावाचे पैसे कापून सहल स्वस्त करू नये.

आणि गावातल्या मुलांचं काय? शहरातल्या शाळेची बस आली की जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं कुंपणाशी उभी राहून बघायची. ते बघणं मला अनेक वर्षं टोचत होतं. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनेच प्रस्ताव ठेवला, की गावातली दहा-बारा मुलं आपल्या गटात घेऊ. दोराच्या सत्रात आमचा प्रशिक्षक क्लोव्ह हिच शिकवत होता, खांबाला दोर अडकवायची गाठ. शहरातली मुलं वेटोळं कुठून कुठे घालायचं त्यात गोंधळलेली. गावातला एक पाचवीतला मुलगा उठला, दोर हातात घेतला, खांबाभोवती दोन फेरे टाकले, ओढला, झाली गाठ. "आमच्यात गायीचं दावं असंच बांधत्यात," म्हणाला. प्रशिक्षकाने त्यालाच शिकवायला बसवलं. पुढचा अर्धा तास शहरातली मुलं त्याच्याभोवती कोंडाळं करून होती.

या मुलांचे पाय डोंगराने आधीच घडवलेले असतात. त्यांच्यापाठी संस्था उभ्या राहिल्या तर काय होतं, हे मे 2018 मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतले आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. ती मोहीम 'मिशन शौर्य'. आदिवासी विकास विभागाने निधी आणि पाठबळ दिलं, जिल्हा प्रशासनाने मुलं निवडण्यापासून साथ दिली, शिक्षकांनी पालकांना समजावलं, आणि तज्ज्ञ प्रशिक्षकांनी सपाटीपासून बर्फापर्यंत टप्प्याटप्प्याने तयारी करून घेतली. त्या आदिवासी विकास विभागाचं आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे. पेठ-सुरगाण्याच्या पोरांना एव्हरेस्ट नको असेल, पण आपल्याच डोंगरावर पगारी, प्रशिक्षित प्रशिक्षक म्हणून उभं राहायला का नको? आज त्या नोकऱ्या शहरातून आलेले तरुण करतात. माझ्या मते ही आपल्या कामातली सगळ्यात मोठी उणीव आहे.

परत फिरायचं कोण सांगणार?

इतके सगळे एकत्र आले की एक नवा धोका तयार होतो. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बघितलंच असेल. शिक्षकांना वाटतं लीडर हुशार आहे, लीडरला वाटतं परवानगी मिळाली म्हणजे वाट ठीक असणार, वनरक्षकाला वाटतं शाळेने विचार केला असेल. म्हणून सहलीच्या पंधरा दिवस आधी आम्ही सगळ्यांना एका टेबलाशी बसवतो आणि एक पानभर लिहून काढतो. मुलं मोजणार कोण आणि कुठे कुठे? सगळ्यात मागे कोण चालणार? औषधांची पेटी कुणाच्या पाठीवर? पालकांशी फक्त कोण बोलणार? पर्यायी जागा कुठली? खाली सह्या. बैठकीनंतर शाळेचे एक शिक्षक आमच्याबरोबर वाटेची पाहणी करायला येतात, स्वतः चालून. हे आम्ही सोडत नाही. कागदावरची "सोपी चढण" चाळीस मुलांच्या शिक्षकाला स्वतःच्या गुडघ्याने कळलेली बरी.

त्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ हवामानाची. हवामान खात्याचा यलो, ऑरेंज, रेड इशारा आता जिल्हानिहाय मिळतो. नाशिककर तर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं आणि गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढलं याच्या बातम्या श्वास रोखून ऐकतो. पण इशारा ऐकून सहल रद्द कोण करणार? शाळेने पैसे भरलेले, मुलं महिनाभर वाट बघत असलेली. म्हणून ऑरेंज लागला की सहल आपोआप रद्द, असं आधीच लिहून ठेवतो. त्या क्षणी कुणाला धैर्य दाखवावं लागत नाही.

आणि वर गेल्यावर परत फिरायचं सांगण्याचा हक्क सगळ्यांना. लीडरला, शिक्षकांना, वाटाड्यालाही. तिघांपैकी एकजण म्हणाला तर वाद न घालता परत. गेल्या हिवाळ्यात हरिहरच्या वाटेवर, जिन्याच्या खालच्या सपाटीवर, वाटाड्या थांबला. वरच्या कड्याकडे बघत राहिला. "आज नको," म्हणाला. मोहोळ उठल्यासारखं वाटतंय. मला तर काहीच दिसत नव्हतं. 46 मुलं हिरमुसली, दोघी-तिघी रडल्या. मी पानावर सही केली होती, फिरलो. ठरलेल्या पर्यायी जागी, अंजनेरीच्या पायथ्याच्या मंदिरांकडे गेलो. भूगोलाच्या बाईंनी मंदिराचा काळा दगड आणि समोरच्या डोंगरातले आडवे थर दाखवले. हा एकच दगड, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून आलेल्या लाव्हाचा, थरावर थर. मुलांनी थर मोजायला घेतले आणि सात की आठ यावर जुंपली. त्या दिवशी मोहोळ खरंच उठलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

संमतीपत्राचंही आम्ही बदललं. आता पालकांनी भरलेल्या माहितीतून प्रत्येक मुलाचं एक छोटं कार्ड बनतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात, गळ्यात. एक प्रत शिक्षकांकडे, एक लीडरकडे. नाव, रक्तगट, आजार, ॲलर्जी, घरचा फोन. सहल संपली की सगळी कार्डं शाळेला परत, कारण ती माहिती मुलाची आहे, आमची नाही.

ती सातवीतली मुलगी आता दहावीत आहे. गेल्या महिन्यात धाकट्या वर्गाची कार्डं भरायला मदत करायला ती शाळेत थांबली होती. दहा-पंधरा कार्डं लिहून झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "सर, यात एक रकाना राहिलाय." मग तिने पट्टी घेतली आणि प्रत्येक कार्डावर, आजाराच्या खाली, स्वतःच एक ओळ आखून लिहिली: 'औषध कुठल्या खिशात आहे?'